ड्रेस्डेनच्या राजवाड्यातला औरंगजेबाचा दरबार

एल्बकाठ

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत लाइपत्सिगला राहते, त्यामुळे ड्रेस्डेनला जाणं-येणं चालू असतं. तिथल्या राजवाड्यात सॅक्सनीच्या राजांचा रत्नखजिना आहे, ग्रीन व्हॉल्ट नावाचा. त्यातली एक वस्तू मराठी माणसाने मुद्दाम वेळ काढून बघावी असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

वस्तूचं नाव 'मुघल बादशहा औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्लीतला दरबार'. घडवणारा योहान मेल्कियोर डिंगलिंगर, राजाचा सोनार. काळ 1701 ते 1708. हो, तोच औरंगजेब. आणि काळही तोच, जेव्हा तो आपल्याकडे एकेका गडाला वेढा घालत फिरत होता.

साधारण 142 सेंटिमीटर रुंद आणि 114 सेंटिमीटर खोल अशा चौथऱ्यावर सोन्याचांदीत अख्खा दरबार मांडलाय. एकामागे एक चढत जाणारी अंगणं, मधून पायऱ्या, आणि सगळ्यात मागे उंचावर छत्राखाली मांडी घालून बसलेला बादशहा. इमारत चांदीची, सोन्याचं पाणी दिलेली. माणसं आणि जनावरं मिळून 132 मूर्ती, सोन्याच्या आणि त्यावर रंगीत मीना. जडवलेले हिरे 4,909. शिवाय 160 माणकं, 164 पाचू, थोडे मोती आणि एकच एक नीलम.

आकडे वाचून वस्तू डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून जवळून काय दिसतं ते सांगते. मूर्ती अगदी लहान आहेत, बोटाच्या पेरांत मोजाव्यात अशा. पायऱ्यांसमोर सरदार पालथे पडून मुजरा करताहेत. कुणी पालखीतून आलाय, कुणावर छत्री धरलीय. हत्ती आहेत, उंट आहेत, घोडे आहेत, आणि प्रत्येकाच्या झुलीवर खडे आहेत. मागोमाग नोकर नजराणे घेऊन येताहेत: घड्याळं, भांडी, शस्त्रं, कॉफीची भांडीसुद्धा. आणि एक तराजू आहे. वाढदिवसाला बादशहाची तुला व्हायची, त्यासाठीचा. मी पहिल्यांदा तो तराजू बघितला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नाही.

डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने वाचलं होतं. ताव्हर्निये आणि बर्निये या फ्रेंच प्रवाशांची वर्णनं तेव्हा युरोपभर वाचली जात होती. ताव्हर्निये 1665 मध्ये औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या उत्सवाला दिल्लीत हजर होता. त्याने पाहिलेली सिंहासनं, तुला, नजराणे हे सगळं डिंगलिंगरकडे कागदावरून आलं. जिथे माहिती कमी पडली तिथे त्याने चीन आणि इजिप्तबद्दलच्या पुस्तकांतली चित्रं घेतली. म्हणून दिल्लीच्या दरबारात मधूनच चिनी वळणाच्या गोष्टी दिसतात. कुणाला हा दोष वाटेल. मला वाटत नाही. 1700 च्या सुमारास एका जर्मन कारागिराच्या डोक्यात 'पूर्व' कशी होती, त्याची इतकी तपशीलवार नोंद दुसरीकडे कुठे मिळणार?

राजाचं नाव ऑगस्टस द स्ट्राँग. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, आणि 1697 पासून पोलंडचा राजा. त्याने या दरबाराचे 58,485 थालर (तेव्हाची चांदीची नाणी) मोजले, तेही हप्त्याहप्त्याने. काम चालू असतानाच त्याचं राज्य हातचं गेलं होतं. 1706 मध्ये स्वीडनच्या राजाने सॅक्सनीत सैन्य घातलं आणि लाइपत्सिगजवळच्या आल्टरानश्टेटला तह होऊन ऑगस्टसला पोलंडचं सिंहासन सोडावं लागलं. 1709 मध्ये ते परत मिळालं. अशा राजाला ज्याच्यापुढे सगळे पालथे पडतात असा बादशहा सोन्यात घडवलेला हवाहवासा वाटला, यात मला त्याचं मन दिसतं. औरंगजेब इथे निमित्त आहे, तहान ऑगस्टसची आहे.

तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का? आणि इतिहासवाल्यांनी नक्की लिहा, मला तारखा शेजारी शेजारी ठेवून बघायच्या आहेत.

गडवाट

ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. तारखा मांडतो.

1681 मध्ये औरंगजेब दख्खनेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही. 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले आणि सूत्रं ताराराणींकडे आली. एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला मुघलांकडे गेला. त्यानंतरची वर्षं बघा: 1701 पन्हाळा, 1702 विशाळगड, 1703 सिंहगड, 1704 राजगड आणि तोरणा. म्हणजे डिंगलिंगरच्या कारखान्यात सिंहासनाच्या पायऱ्या घडत होत्या तेव्हा खुद्द बादशहा सह्याद्रीच्या चिखलात तंबूत होता. विशाळगड घेऊन पन्हाळ्याकडे परतताना ऐन पावसात त्याच्या छावणीचे जे हाल झाले, ते त्यांच्याच बखरनविसांनी लिहून ठेवलेत. नदीनाले फुगलेले, ओझ्याची जनावरं मेलेली, जेमतेम पंधरा कोसांच्या वाटेला महिन्यावर दिवस लागले. घेतलेले गड मराठे पुन्हा घेत होते ते वेगळंच.

1707 मध्ये तो अहमदनगरला वारला, वयाच्या 88 व्या वर्षी. म्हणजे डिंगलिंगरचं काम पुरं झालं तेव्हा ज्याचा वाढदिवस होता तो माणूस खुलताबादेत उघड्या थडग्यात होता.

अजून एक. हा 'वाढदिवसाचा दरबार' आहे हे वाचल्यावर मराठी माणसाला एकच दरबार आठवणार: 12 मे 1666, आग्रा. तोही औरंगजेबाच्या वाढदिवसाचाच दरबार होता, चांद्र कालगणनेने पन्नासावा. महाराज त्या दिवशी शंभूराजांना घेऊन हजर झाले. नजर म्हणून 1,000 मोहरा आणि 2,000 रुपये, वर निसार, म्हणजे ओवाळणी, म्हणून 5,000 रुपये दिले. आणि मग त्यांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत मागे उभं केलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे.

ताव्हर्नियेने दिल्लीत पाहिलेला उत्सव आणि आग्र्याचा हा दरबार यांत वर्षभराचंसुद्धा अंतर नाही. त्यामुळे तराजू, नजराणे, रांगा, कोण कुठे उभा हे सगळं त्या ड्रेस्डेनच्या दरबारात असेल, तर आग्र्याला काय मांडणी असेल याचा थोडा अदमास त्यावरून येतो. थोडाच, कारण ती कल्पनाच आहे. पण मला बघायचाय.

नीरक्षीर

छान माहिती. पण एक खटकतंय. युरोपातल्या संग्रहालयात आपलं काही दिसलं की पहिला प्रश्न येतो, हे तिथे गेलं कसं? ही वस्तूही लुटीतलीच का? आणि नसेल तर आपण तिचं एवढं कौतुक का करायचं? औरंगजेबाचं वैभव दाखवणारी वस्तू आहे ती.

एल्बकाठ

नीरक्षीर, प्रश्न रास्त आहे. वस्तू पूर्णपणे ड्रेस्डेनमध्ये घडलेली, लूट नाही. डिंगलिंगरने बहुधा राजाच्या फर्माइशीची वाट न बघता स्वतःच्या जिवावर ती सुरू केली आणि मग राजाला विकली. एका कारागिराने केवढी जोखीम घेतली ती.

पण हिऱ्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्राझीलमध्ये हिरे सापडले ते 1720 च्या दशकात. त्याआधी जगाच्या बाजारात येणारा हिरा जवळपास सगळा हिंदुस्थानातला, थोडाफार बोर्निओचा. आणि हिंदुस्थानातला म्हणजे मुख्यतः कृष्णाकाठचा, कोल्लूरसारख्या खाणींतला, गोवळकोंड्याच्या बाजारातून गेलेला. 1708 मध्ये पुऱ्या झालेल्या वस्तूवर 4,909 हिरे आहेत. ते बहुतेक सगळे दख्खनच्या मातीतले असणार.

गोवळकोंडा औरंगजेबाने 1687 मध्ये जिंकला. म्हणजे ज्या मुलखासाठी तो मरेपर्यंत लढत राहिला, त्याच मुलखातले खडे सुरत, मसुलीपट्टण, लंडन, ॲमस्टरडॅम असे फिरत ड्रेस्डेनला पोचले आणि त्याच्याच प्रतिमेवर जडवले गेले. मी त्या काचेसमोर उभी राहते तेव्हा मला बादशहा दुय्यम वाटतो. खडे बघते. ते आपल्या बाजूचे आहेत. कौतुक करायचं ते त्यांचं आणि घडवणाऱ्या हातांचं.

तांबटआळी

आमच्या घरी सराफी, त्यामुळे मी कारागिरीचं बोलतो. ताईंनी दिलेली माहिती वाचून आणि फोटो मोठे करून करून बघितले. सपाट दागिन्यावर मीना करणं आणि अशा उभ्या मूर्तीवर करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो समजून घ्या.

मीना म्हणजे काचच. रंगीत काच दळून पूड करायची, पाण्यात धुवायची, सोन्यावर लावायची आणि भट्टीत वितळवायची. जयपुरी कामात सोन्याच्या पत्र्यात नक्षीचे खळगे कोरतात आणि त्यात पूड भरतात. खळगा असतो म्हणून पूड जागेवर राहते. इथे मूर्ती गोल आहे, चहूबाजूंनी. गालावर, दंडावर, हत्तीच्या सोंडेवर पूड राहणार कशी? त्यासाठी सोन्याचा पृष्ठभाग खरवडून घेतात आणि पूड डिंकासारख्या चिकट द्रवात कालवून लावतात. तरी भट्टीत मीना पातळ झाला की खाली ओघळायला बघतो.

मीना साधारण 750 ते 850 अंशांत वितळतो. चोख सोनं 1,064 ला. मध्ये अंतर आहे, पण मूर्ती एकसंध नसते. हात वेगळा, धड वेगळं, आणि ते झाळून जोडलेलं. झाळ, म्हणजे जोड देणारा धातू, सोन्याआधी पाघळते. म्हणजे मीना वितळला पाहिजे पण झाळ सुटता कामा नये, अशा अरुंद पट्ट्यात काम करायचं, तेही थर्मामीटर नसताना, नुसता भट्टीचा रंग बघून. शिवाय सगळे रंग एका दमात होत नाहीत. ज्याला जास्त आच लागते तो रंग आधी, ज्याला कमी लागते तो शेवटी. आपल्याकडे पांढरा आधी आणि लाल शेवटी. प्रत्येक रंगाला मूर्ती पुन्हा भट्टीत. थंड होताना जरा घाई झाली की मीन्याला तडा.

आणि एवढं झाल्यावर खडे. खडे मीन्याच्या आधी बसवता येत नाहीत. मीना पुरा झाल्यावर कोंदणाच्या कडा दाबून खडा पक्का करायचा, आणि त्या दाबाने शेजारचा मीना टचकन उडू शकतो. उडाला की खडा काढा, मूर्ती पुन्हा भट्टीत. हे 132 मूर्तींवर. मला हे काम करणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात.

एक विचारायचंय, हे त्याने एकट्याने केलं?

एल्बकाठ

तांबटआळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. असं समजावून सांगणारं माणूस त्या दालनात शेजारी हवं होतं.

एकट्याने नाही. तिघे भाऊ. योहान मेल्कियोर मुख्य, गेऑर्ग फ्रीडरिश मीन्याचा उस्ताद, आणि गेऑर्ग क्रिस्टोफ जडावाचा. शिवाय कारखान्यातले इतर हात. मूळचे दक्षिण जर्मनीतल्या बीबराखचे. याच भावांनी आधी राजासाठी सोन्याची कॉफीची भांडी केली होती, तीही ग्रीन व्हॉल्टमध्येच आहेत. दरबारातल्या नजराण्यांमध्ये कॉफीची भांडी का, याचं कारण मला तिथे दिसलं असं वाटतं. स्वतःचं आधीचं गाजलेलं काम त्याने बादशहापुढे आणून ठेवलंय.

सावली_साताऱ्याची

मी 2019 ची चोरी ऐकून होते. हा दरबार तेव्हा वाचला का? आणि दुसऱ्या महायुद्धात ड्रेस्डेन बेचिराख झालं होतं ना?

एल्बकाठ

सावली, दरबाराला हात लागला नाही.

इथे दोन भाग आहेत. खाली तळमजल्यावर ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्ट, म्हणजे ऑगस्टसने स्वतः 1723 पासून सजवलेली दालनं. आणि वर पहिल्या मजल्यावर नवीन ग्रीन व्हॉल्ट, जिथे एकेक वस्तू काचेत ठेवलीय. दरबार वर आहे. 25 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे चोर शिरले ते खालच्या रत्नदालनात. जवळची वीजपेटी पेटवून रस्त्यावरचे दिवे घालवले, आधीच कापून ठेवलेली खिडकीची जाळी काढली आणि कुऱ्हाडीने काच फोडली. हिऱ्यांचे 21 अलंकार गेले. 2022 च्या डिसेंबरमध्ये त्यातले बरेचसे बर्लिनमध्ये परत मिळाले, 2023 मध्ये पाच जणांना शिक्षा झाली, आणि 2024 च्या ऑगस्टपासून परत आलेले अलंकार पुन्हा मांडलेत. पण खांद्यावरच्या अलंकारातला 49 कॅरटचा 'ड्रेस्डेन व्हाइट' हिरा अजून बेपत्ता आहे. तो तुकडे होऊन विकला गेला असेल ही कल्पनासुद्धा सहन होत नाही.

ड्रेस्डेनचा प्रसिद्ध हिरवा हिरा, 41 कॅरटचा, त्या वेळी न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी गेलेला होता. तोही हिंदुस्थानातलाच मानतात. त्याचा हिरवेपणा जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे आलेला आहे. 1742 च्या सुमारास तो ऑगस्टसच्या मुलाने घेतला आणि 1768 मध्ये टोपीवर लावायच्या अलंकारात बसवला गेला.

युद्धाचं म्हणाल तर खजिना आधीच क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात हलवला होता, म्हणून 13 फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात वाचला. राजवाडा जळाला, खजिन्याची तीन दालनं गेली. नंतर सोव्हिएत सैन्याने सगळं मॉस्कोला नेलं आणि 1958 मध्ये परत दिलं. राजवाड्यात ते परतलं 2004 मध्ये नवीन भागात आणि 2006 मध्ये जुन्या दालनांत.

नीरक्षीर

हिऱ्यांचा मुद्दा पटला. लुटीचा प्रश्न सोडून दिला तरी 'कुठून आलं' हा प्रश्न विचारत राहिलं पाहिजे, एवढंच म्हणेन. संग्रहालयात पाटीवर कारागिराचं नाव असतं, राजाचं असतं, खाणीत उतरलेल्यांचं कधीच नसतं. कोल्लूरला हजारो माणसं राबायची, बाया-मुलं टोपल्या वाहायची, हे ताव्हर्नियेनेच लिहिलंय.

एल्बकाठ

शंभर टक्के सहमत. आणि याच ओघात आणखी एक वस्तू सांगते, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. गुजरातेत शिंपल्याचे चमकदार तुकडे जोडून भांडी करत, ताटं, झाऱ्या, पेट्या. 1500 ते 1600 च्या दरम्यान पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती युरोपात यायची. गोवा हा त्याच व्यापाराचा मोठा तळ. ड्रेस्डेनमध्ये अशी काही आहेत, आणि न्यूरेंबर्गच्या निकोलाउस श्मिटसारख्या सोनारांनी त्यांना सोनेरी चांदीचे काठ, मुठी, पाय लावलेत. शिंपल्याचं अंग गुजरातचं, चांदी जर्मनीची. ज्या गुजराती कारागिराने ते तुकडे इतके नेटके बसवले त्याचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण काम त्याचं आहे. पुढच्या वेळी मी सगळ्यांना आधी तिकडे नेणार.

गडवाट

ताई, एक शंका. तुलेची प्रथा औरंगजेबाने पुढे बंद केली होती ना? मग 1701 मध्ये तराजू कसा?

एल्बकाठ

तेच तर. त्याने ती स्वतःपुरती बंद केली होती आणि दरबारातला बराच थाटमाट कमी केला होता. पण युरोपात छापलेली वर्णनं 1660 च्या दशकातली. पुस्तकं 1670 नंतर आली, ड्रेस्डेनला ती वाचून काम सुरू झालं 1701 ला. डिंगलिंगरचा औरंगजेब चाळिशीतला, दिल्लीतला. खरा औरंगजेब तेव्हा ऐंशी ओलांडलेला, पन्हाळ्याखाली. बातमी पोचायला लागणारा वेळ या वस्तूत अक्षरशः मोजता येतो.

सावली_साताऱ्याची

पुढच्या मे महिन्यात भाच्याकडे बर्लिनला जाणार आहोत, आई-बाबांना घेऊन. ड्रेस्डेन एका दिवसात होईल का? आईला फार चालवत नाही.

एल्बकाठ

होईल. बर्लिनहून थेट गाड्या आहेत, साधारण दोन तास. मंगळवारी राजवाडा बंद असतो, तो दिवस सोडून या. सगळ्यात महत्त्वाचं: ऐतिहासिक ग्रीन व्हॉल्टचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधी काढून ठेवा. पण दरबार तिथे नाही, तो वरच्या नवीन भागात. पुष्कळ लोक खालची दालनं बघून दमतात आणि वर न जाताच परततात. आईंना घेऊन आधी वर जा, ताजेतवाने असताना दरबार बघा, मग खाली. लिफ्ट आहे, बसायला बाकं मिळतात. मी त्या दिवशी मोकळी असेन तर येईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तांबटआळी

सावली, जाल तेव्हा माझं एक काम करा. काचेच्या शेजारून, थोडं वाकून, मूर्तींच्या चेहऱ्यावर उजेड तिरका पडेल असं बघा. लाल रंगाखालून सोनं चमकतंय का, की लाल पूर्ण अपारदर्शक आहे, एवढं मला सांगा. पारदर्शक लाल असेल तर गेऑर्ग फ्रीडरिशने तो थेट चोख सोन्यावर चढवलाय, आणि तसं असेल तर त्या माणसाबद्दल मी वर जे लिहिलं ते कमीच आहे. फोटोवरून ठरवता येत नाही, फार प्रयत्न केला.

सावली_साताऱ्याची

नक्की बघते काका. बाबांचं भिंग सोबत घेते.